उन्हाची सवय

आईच्या तेराव्याला जमलेली मंडळी पांगली आणि त्याच संध्याकाळी शलाका आसुटकरने चंद्रपूरच्या घरात ‘ओसरी’ बसवून घ्यायचं नक्की केलं. वडिलांना तिने विचारलं नाही, सांगितलं. त्यांनीही हरकत घेतली नाही. दिवाकरराव तेव्हा कशालाच हरकत घेण्याच्या अवस्थेत नव्हते.

मे महिन्यातल्या भर दुपारी, मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात कुरडयांचा चीक शिजवता शिजवता आई कोसळली होती. चीक अर्धवट सोडला की गुठळ्या होतात, म्हणून चक्कर येत असूनही ती शेगडीपाशीच उभी राहिली असणार. दिवाकरराव त्या वेळी घरात नव्हते. पस्तीस वर्षं कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेला हा माणूस दर उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या निंबाखाली पाणपोई चालवायचा. लाल फडकं गुंडाळलेले माठ, पितळी ओगराळं आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. ते घरी परतले तेव्हा शेगडी अजून चालू होती.

‘ओसरी’ हे नाव ज्या कंपनीने दिलं तिला शब्दाची जाण होती. घराला ओसरी असावी तशी ही यंत्रणा माणूस आणि ऊन यांच्यामध्ये उभी राहायची. तिचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणजे घरच. भिंतींना आणि गच्चीला ऊन परतवणारा पांढरा लेप, खिडक्यांना दुहेरी काचा, फटी बुजवलेल्या, आणि जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांमधून गार होऊन येणारी हवा. बाहेर अठ्ठेचाळीस असो, आत चोवीस. दुसरा भाग मनगटावरचा पट्टा. तो त्वचेचं तापमान, नाडी आणि घाम सतत मोजायचा आणि त्यावरून शरीराच्या आत, काळजा-मेंदूपाशी, उष्णता किती आहे याचा अंदाज बांधायचा. या माणसाला आत्ताच्या उन्हात किती वेळ सोसेल हे तो आधीच सांगू शकत होता. उष्माघात होण्यापूर्वी तो ओळखणारं हे पहिलं यंत्र. त्याने त्या वर्षांत हजारो जीव वाचवले, यात खोटं काहीच नव्हतं.

मर्यादा ओलांडली की घराचं दार माणसासाठी उघडत नसे. आत एक लाल खटका होता, आग लागली किंवा तसंच काही झालं तर ओढायला. एरवी मात्र दार उघडायचं तर ‘पालका’ची परवानगी लागे. दिवाकररावांची पालक शलाका होती. ती पुण्यात राहायची. पुलांचे आराखडे तपासणं हे तिचं काम. कोणत्या पुलावर किती भार यावा आणि तुटण्याच्या सीमेपासून त्याला किती लांब ठेवावं, यात तिचं आयुष्य गेलेलं. वडिलांना धोक्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवायचं, एवढंच तिला कळत होतं.

“तुह्या शाळेच्या कागदावर पालक म्हनून मी सही करत होतो,” पट्टा बांधून घेताना दिवाकरराव म्हणाले होते. “आता तू माही पालक झाली. बरं हाये.”

पहिला उन्हाळा बरा गेला. पट्टा त्यांना सकाळचे दोन-अडीच तास बाहेर राहू द्यायचा. पाणपोई अर्धा दिवस चालायची. दुपारी शेजारच्या कुसुमताई नगराळे माठ भरून ठेवायच्या. कुसुमताई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, एकट्याच. ओसरी वगैरे त्यांच्याकडे काही नव्हतं. कूलर, खिडकीला वाळ्याची ताटी आणि डोक्याला ओला दुपट्टा, एवढ्यावर त्यांचा उन्हाळा निघायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात पट्ट्याने वेळ कमी केली. तासाभरावर आणली. शलाकाच्या फोनवर आलेख आला, रेष खाली उतरत गेलेली. खाली वाक्य होतं: ‘उष्णता सहन करण्याची क्षमता घटली आहे. जास्त काळजी घ्यावी.’

“बाबा, वय होतंय तुमचं,” ती म्हणाली.

“ते तं हुईनच. पन एका वर्सात एवढं?”

“आकडे खोटं बोलत नाहीत.”

तिसऱ्या वर्षी अर्धा तास. मग त्याहून कमी. पाणपोईचे माठ कुसुमताईंच्या पडवीत गेले. दिवाकरराव खिडकीच्या काचेतून निंबाखालची गर्दी बघत बसायला लागले. पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या शलाकाचा फोन थरथरायचा: ‘दिवाकर आसुटकर बाहेर जाऊ इच्छितात. परवानगी?’ ती ‘नाही’वर बोट ठेवायची आणि पुन्हा कामाला लागायची. सुरुवातीला नंतर फोन करून ती समजूत काढायची. पुढे पुढे तेही राहून जायला लागलं.

एकदा, लग्नसराईच्या दिवसांत, त्यांचाच फोन आला. आवाज चढलेला.

“शलाका, मी काय कोंबडी हाओ का खुराड्यातली? बाहेर निंबाची सावली हाये, वारा सुटला हाये. कुसुमबाई थेट बाजारातून चालत आली. मले दारात उभं राहू देऊन नाही रायली तुही ओसरी!”

“तिनं आज लाल दुपार, म्हणजे उष्णतेचा सगळ्यांत वरचा इशारा जाहीर झालाय म्हणून थांबवलंय.”

“लाल दुपारी म्या खाणीत डंपर चालोला. तेवा तं लाल-पिवळं काही नव्हतं.”

“तेव्हा तुम्ही चाळीस वर्षांचे होता!”

“मंग सक्काळी तं सोड. रोज थोडं थोडं. अंगाले सवय राहते उन्हाची. बसून बसून मोडते ते सवय.”

शलाकाला दिवसभराचा शीण होता. समोर एका पुलाच्या खांबाला गेलेला तडा होता, त्याच्या फोटोंचा ढीग होता. ती जे बोलली ते बोलायचं तिने ठरवलेलं नव्हतं.

“आई आत शेगडीपाशी पडली होती, बाबा. आणि तुम्ही बाहेर गावाला पाणी पाजत होता. उन्हाचं मला नका सांगू.”

 मग दिवाकरराव हलक्या आवाजात म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर परवानगीची विचारणा कधी आली नाही. शलाकाला वाटलं, बाबांना पटलं. ती निर्धास्त झाली. पुढचे दोन उन्हाळे दिवाकरराव चोवीस अंशांत राहिले. जेवायचे, टीव्ही बघायचे, दुपारी पांघरूण घेऊन झोपायचे. थंडीतही फारसे बाहेर पडेनात, कारण बाहेर जायची मुळी इच्छाच उरली नव्हती. आलेखातली रेष तळाला टेकली होती आणि सगळ्यांना ते त्यांचं म्हातारपण वाटत होतं.

मग तो मे महिना आला. चंद्रपूरला उन्हाचं कौतुक नाही, पण त्या आठवड्यात जुनी माणसंही गप्प झाली. रात्री उतारा पडत नव्हता. शहराच्या मुख्य वीज केंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर त्या तापात जळाला आणि निम्मं शहर बंद पडलं. ओसरीची बॅटरी रात्रभर टिकली. सकाळी उशिरा तिच्यात आवाज आणि दार चालण्यापुरतीच वीज उरली आणि हवा ओढणारे पंखे थांबले. फटी बुजवलेलं, वारा न शिरणारं ते घर आतल्या आत तापायला लागलं.

शलाका पुण्यात फोनच्या पडद्यासमोर बसून होती. घराचा आकडा वर सरकत होता. त्याखाली वडिलांच्या शरीराचा आकडा होता, तोही सरकत होता. तिने रुग्णवाहिकेला फोन लावले. सगळ्या आधीच कुठे ना कुठे धावत होत्या. वडिलांनी फोन उचलला तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता.

“बाबा, लाल खटका ओढा. बाहेर या. मी कुसुमकाकूंना सांगितलंय, त्या दारात उभ्या आहेत.”

“ते बाहेर धोका हाये म्हनते,” दिवाकरराव म्हणाले. मागे यंत्राचा शांत, गोड आवाज ऐकू येत होता: कृपया घरातच थांबावे, बाहेरचे तापमान धोकादायक आहे.

“तिचं नका ऐकू! माझं ऐका, बाहेर या!”

 इतकी वर्षं लेक आणि ओसरी, दोघी एकच सांगत आल्या होत्या. आज कोणाचं ऐकायचं हे त्यांना उमगेना. मग खटक्याचा आवाज आला.

कुसुमताईंनी त्यांना दंडाला धरून आपल्या घरात नेलं. खोलीत अंधार केलेला, खिडकीतली ताटी त्या दर थोड्या वेळाने मगाने भिजवत होत्या. दारावर ओलं पोतं. त्यांनी दिवाकररावांना फरशीवर बसवलं, साखरमिठाचं पाणी घोट घोट पाजलं, मानेवर ओला पंचा टाकला. उन्हाळ्यात माणसाला जे जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. दोघंही त्याच फरशीवर, त्याच ताटीसमोर बसली होती. एकाच माठातलं पाणी पीत होती.

दुपार कलायच्या आत कुसुमताईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा श्वास लागला होता.

“शलाका, अगं मी घामानं निथळून रायली. लुगडं पिळून काढावं अशी. अन् तुह्या बापाचं अंग कोरडं हाये. घामाचा थेंब नाही. तव्यावानी तापलं हाये. अन् मले इंदू म्हनून हाका मारून रायले.”

इंदू हे शलाकाच्या आईचं नाव.

गल्लीत महानगरपालिकेचा पाण्याचा टँकर आला होता. कुसुमताईंनी तो अडवला. ड्रायव्हरने आणि दोघा-तिघांनी दिवाकररावांना उचलून टँकरच्या मागच्या फळीवर आडवं केलं, वरून पाण्याचा पाइप सोडला, आणि तसंच भिजवत त्यांना दवाखान्यात नेलं. त्या पाण्यानेच ते वाचले, असं नंतर डॉक्टर म्हणाल्या.

शलाका दुसऱ्या दिवशी पोचली. दिवाकरराव शुद्धीवर होते, पण जीभ वळत नव्हती. पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला तर हात भलतीकडेच जाई. शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा जो भाग असतो, तो उष्णतेला सगळ्यांत हळवा. तिथल्या पेशी एकदा भाजल्या की परत येत नाहीत. डॉ. फिरदोस काझींनी हे तिला आडपडदा न ठेवता सांगितलं.

“पण काकू तिथेच होत्या,” शलाका म्हणाली. “त्याच खोलीत. त्या मोठ्या आहेत बाबांपेक्षा. त्यांना काहीच झालं नाही. बाबांची प्रकृतीच मुळात खालावत होती. हे बघा.”

तिने फोनवरचा आलेख पुढे केला. पाच वर्षांची उतरती रेष. डॉक्टरांनी ती बराच वेळ निरखली.

“यात त्यांना मधुमेह कधी झाला? हृदयाचं काही?”

“काही नाही. सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या.”

“मग ही रेष कशाची आहे, असं वाटलं तुम्हाला?”

“वयाची.”

डॉ. काझींनी खुर्ची ओढून घेतली. “आपलं शरीर उन्हाला शिकत असतं. रोज थोडं ऊन अंगावर घेतलं की एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं. घाम लवकर सुटायला लागतो, भरपूर सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. हृदयाला कमी धावावं लागतं. म्हातारं शरीर हळू शिकतं, पण शिकतं. आणि ऊन बंद केलं की महिन्याभरात सगळं विसरतं. तुमच्या काकूंचं शरीर दर चैत्रात नव्याने शिकत होतं. यांचं शिकायचं थांबलं.”

“पण यंत्र तर मोजत होतं...”

“बरोबरच मोजत होतं. पहिल्या वर्षी त्याने यांना थोडं कमी बाहेर सोडलं. म्हणून यांची सवय थोडी मोडली. ती मोडली हे त्याने अचूक मोजलं, आणि दुसऱ्या वर्षी आणखी कमी सोडलं.” डॉक्टरांनी आलेखावरून बोट खालपर्यंत नेलं. “त्याने दर वर्षी स्वतःच केलेला परिणाम मोजला. आणि आपण त्याला वय म्हणालो.”

शलाका फोनकडे बघत राहिली. भार जितका कमी तितका पूल जास्त टिकतो. हे तिच्या हाडांत मुरलेलं होतं, आणि पुलाच्या बाबतीत ते खरंच होतं. दगडाला, लोखंडाला भाराची सवय लागत नाही आणि मोडतही नाही. माणसाचं तसं नसतं. बाबांनी हे तिला सांगितलं होतं, फोनवर, त्यांच्या साध्या शब्दांत. त्यावर आपण काय उत्तर दिलं हेही तिला आठवलं, आणि दवाखान्याच्या त्या गार खोलीत तिचा चेहरा रसरसून तापला.

“आता सवय लावता येईल?” तिने विचारलं. “हळूहळू? मी इथे राहते. रोज सकाळी थोडं थोडं बाहेर नेते.”

 “आधी विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते,” डॉ. काझी म्हणाल्या. “आता घाम आणणारी व्यवस्थाच बिघडली आहे. आता त्यांना खरोखरच गारव्यात ठेवावं लागेल.”

पावसाळ्यात शलाकाने पुणं सोडलं. काम चंद्रपुरातूनच करायला लागली. ओसरी बनवणाऱ्या कंपनीला तिने सगळा आलेख पाठवला, डॉक्टरांचं म्हणणं पाठवलं. ते हात झटकतील असं तिला वाटलं होतं, भांडायची तयारीही तिने केली होती. पण बैठकीत समोर आलेली मुख्य अभियंता, अस्मिता बरडे नावाची तिच्याच वयाची बाई, पडद्यावर मान खाली घालून बसली होती.

“आम्ही तिला एकच काम दिलं होतं, धोका कमी करायचा,” ती म्हणाली. “तो तिने दर दिवशी कमीच केला. पाच वर्षांनी काय होईल हे तिला आम्ही विचारलंच नव्हतं.”

“मीही नव्हतं विचारलं,” शलाका म्हणाली. एवढ्या दिवसांत साठवलेलं भांडण तिला सापडेना.

दिवाकररावांच्या पट्ट्यातली पाच वर्षांची नोंद कंपनीने तिच्या संमतीने अभ्यासाला घेतली. फाल्गुनात ओसरीत नवी सोय आली. तिला ‘सराव’ असं नाव होतं. ऊन कोवळं असतानाच यंत्रणा माणसाला बाहेर पाठवायची. आज थोडा वेळ, उद्या थोडा जास्त. घाम सुटतोय ना हे बघायची, पाणी प्यायची आठवण करायची, आणि वैशाखापर्यंत त्याचं शरीर तयार करायची. लाखो घरांत ती एका सकाळी सुरू झाली. बातम्यांमध्ये वाफ्यांना पाणी घालणारी, सायकल पुसणारी, फाटकाशी उभी राहून हसणारी म्हातारी माणसं दिसली.

शलाकाच्याही फोनवर संदेश आला. तिने घाईने उघडला. ‘दिवाकर आसुटकर: या व्यक्तीसाठी ही सोय उपलब्ध नाही.’

ते चूक नव्हतं, पण तिने फोन पालथा ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शलाका बाबांची औषधं आणायला चालत गेली होती. परतताना ऊन चढलं. बाहेरचं ऊन आत शिरू नये म्हणून केलेल्या, दोन दारांमधल्या छोट्या खोलीत क्षणभर थांबून ती आत आली तेव्हा तिच्या कपाळावरून धारा वाहत होत्या आणि कुडत्याची बाही दंडाला चिकटली होती. दिवाकरराव खुर्चीत बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. हात हवेत इकडे तिकडे चाचपडला, मग दोन बोटांत तिची ओली बाही सापडली.

“घाम,” ते म्हणाले. तो एक शब्द त्यांच्या तोंडून स्पष्ट निघाला.

शलाका त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. गेले कित्येक महिने विचारायचं राहिलेलं तिने तेव्हा विचारलं.

“बाबा, त्या दिवशी मी आईवरून बोलले. म्हणून तुम्ही बाहेर सोड म्हणायचं बंद केलंत ना?”

त्यांनी मान हलवली. होय की नाही ते कळण्यासारखं नव्हतं.

“भांडायचं होतं माझ्याशी. तुमचं बरोबर होतं. तुम्हाला ठाऊक होतं तुमचं बरोबर आहे.”

दिवाकररावांचे ओठ हलायला लागले. एकेक शब्द जागा शोधत बाहेर येत होता आणि ती मध्ये न बोलता थांबून राहिली.

“पयले... ठाऊक होतं,” ते म्हणाले. “मंग... तू रोज नाही म्हने. मशीन... नाही म्हने.” त्यांनी श्वास घेतला. “मंग मलेबी वाटलं... खरंच असंल. का मी... म्हातारा झालो.”

 गार हवेत शलाकाच्या अंगावरचा घाम हळूहळू वाळत चालला होता. दिवाकररावांनी तिची बाही तोवर सोडली नव्हती.